साठांतली चार लेकरं

पालकसभेत मी एक वाक्य हमखास म्हणतो: 'मुलाचं मन स्वस्थ असेल तर मार्क आपोआप वाढतात.' पालक माना डोलावतात, मुख्याध्यापकांना बरं वाटतं आणि आपण काहीतरी शहाणपणाचं बोललो असं मलाही वाटतं. परवा हेच वाक्य कागदावर उतरवत होतो. शाळेला समुपदेशक मिळावा, निदान आठवड्याला एक तास तरी मुलांच्या मनासाठी राखावा, असं टिपण संस्थेला द्यायचं होतं. लिहिताना पेन थांबलं. समजा, नाही वाढले मार्क तर? लेकरू सावरलं, पण टक्के होते तिथंच राहिले, तर त्याच्यासाठी मोडलेले तास फुकट गेले असं मी म्हणेन का?

तोंडाने नाही म्हणणार. पण पुढच्या वर्षी त्या तासावर गणिताचा जादा वर्ग टाकू या असं कुणी सुचवलं, तर मी फार भांडेन असंही वाटत नाही. मग ते टिपण मी नेमकं कशासाठी लिहीत होतो? लेकरांसाठी, की निकालासाठी?

मी लातुरात माध्यमिक शाळेत शिकवतो. गाव नांदेड जिल्ह्यातलं, कंधारकडचं. 'लातूर पॅटर्न'ची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. ऐंशीच्या दशकात राजर्षी शाहू, दयानंद अशा महाविद्यालयांनी सरावाची आणि परीक्षेची जी शिस्त लावली, तिच्यामुळे कोरडवाहू रानातली पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली. पुण्या-मुंबईच्या मुलांपुढे आपलं लेकरू उभं राहू शकतं, हे इथल्या आईबापांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. पुढे लातुरात अख्खा ट्यूशन एरिया उभा राहिला, नांदेडात श्यामनगर-भाग्यनगर क्लास, मेस आणि वसतिगृहांनी भरून गेलं. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की दोन्ही शहरांत चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. त्यावर आमच्या शाळेतून गेलेलं पोरगं दिसलं की मी गाडी थांबवून फोटो काढतो. दहावीला माझ्याकडे होतं, हे भेटेल त्याला सांगतो. त्याच वर्गातल्या, फ्लेक्सवर नसलेल्या किती जणांची नावं मला आठवतात? त्यांच्यातला कोण रिपीटर म्हणून पुन्हा बसला, कोण गप्प गावाकडे परतला, हे विचारायला मी कधी फोन केला आहे का?

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. तेरा ते सतरा या वयोगटात सुमारे ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं त्यात नोंदवलं आहे. टक्केवारी वाचून मला काही झालं नाही. टक्के वाचायची मला सवयच आहे. पण माझ्या वर्गाचा पट साठाचा. म्हणजे चार लेकरं. 'चार' म्हटल्यावर मी हजेरीपट उघडला. यातली कोणती चार?

नावं भराभर सुचली. बाक वाजवणारा, मधल्या सुट्टीत मारामारी करणारा, फळ्याकडे पाठ करून बसणारा, वही कधीच न आणणारा. चार पुरी झाली आणि मग लक्षात आलं, की मला त्रास देणाऱ्यांची यादी मी केली होती. त्रासात कोण आहे हा प्रश्न मी वाचलाच नव्हता. गंमत अशी, की त्या यादीतला एखादा खरोखर त्या चारांतलाही असेल. घरी जे सोसतो ते तो मधल्या सुट्टीत बाहेर काढत असेल. पण मी त्याचं नाव लिहिलं ते त्याच्या त्रासासाठी नाही, माझ्या त्रासासाठी.

आणि जी कुणाला काहीच त्रास देत नाहीत? मधल्या रांगेत एखादी मुलगी असते. कधी उशीर नाही, उलट उत्तर नाही, वही नीटनेटकी. प्रगतिपुस्तकात मी तिच्यापुढे 'गुणी व शांत' असं लिहितो आणि पुढच्या नावाकडे वळतो. साठ जणांच्या वर्गात अशी मुलं म्हणजे मास्तरला विसावा. मी त्यांचा ऋणी असतो. त्या ऋणापोटीच मी त्यांच्याकडे बघत नाही की काय? प्रत्येक गप्प मूल दुःखी असतं असं नाही, हे मलाही कळतं. काहींचा स्वभावच तसा असतो. पण कोणाचा स्वभाव आहे आणि कोण गेल्या दोन-तीन महिन्यांत गप्प झालंय, हे सांगायला आधी ते कसं होतं ते माहीत असायला हवं. तेच मला माहीत नाही.

लेकरं सांगत नाहीत असंही नाही. ती त्यांच्या पद्धतीने सांगतात. ऐन परिपाठाच्या वेळी कुणाचं पोट दुखतं, घटक चाचणीच्या दिवशी कुणाला मळमळतं, कुणाचं अक्षर अचानक बिघडतं, कुणी डबा तसाच घरी नेतं. कुणी दुपारच्या तासाला झोपतं, कारण रात्री झोप लागत नाही. या सगळ्याला आमच्याकडे एकच शब्द आहे: 'नाटकं'. मीही तो सर्रास वापरतो. असेलही त्यात एखादं नाटक. पण वर्गात उभं राहून पोट दुखल्याचं सोंग करावंसं वाटणं, हेही एका लेकराने काहीतरी सांगणंच नाही का?

दिवाळीनंतर माझ्या वर्गातली काही नावं गैरहजर होतात. आईबाप उसतोडीला गेलेले असतात. जी मुलं मागे राहतात ती आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात आणि उन्हाळा लागेपर्यंत आईबापाविना असतात. कंधार, मुखेड, जळकोटकडच्या मास्तरांना हे नवं नाही. तेरा वर्षांची मुलगी धाकट्या भावाचं करून शाळेत येते. तिला मी विचारतो, 'गृहपाठ का नाही केला?' या प्रश्नाचं खरं उत्तर तिने दिलं तर ऐकायला मला वेळ आहे का? खरं म्हणजे वेळेपेक्षा धीर आहे का? तिने सांगितल्यावर मला काहीतरी करावं लागेल, त्यापेक्षा 'उद्या करून आण' हे सोपं पडतं.

आता जे लिहितो ते लिहायला जास्त जड जातंय. एखादं मूल धाडस करून शिक्षकाजवळ मन मोकळं करतं. बाप पितो, काका वाईट वागतो, आई रात्री रडत बसते. ही गोष्ट मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहाबरोबर येते. कुणी दुष्टपणाने आणत नाही. 'अहो, त्या पोराचं घरी असं असं आहे बरं का,' इतक्याच साध्या सुरात. सगळे हळहळतात. मीही हळहळलोय, मीही सांगितलंय. आणि माझ्याशी बोलून गेलेलं पोर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शिक्षकाच्या नजरेत वेगळी कीव बघतं. लेकरांना हे लगेच कळतं. मग पुन्हा कुणी कशाला सांगेल? त्यात माझा हलकेपणा एवढ्यावर थांबत नाही. मुलं आपणहून जिच्याजवळ बोलतात अशी एक सहकारी बाई आमच्याकडे आहे. 'मॅडम पोरांना फार लाडावतात,' असं तिच्याबद्दल म्हणताना माझ्या आवाजात जी धार येते, ती शिस्तीच्या काळजीपोटी येत नाही. पोरं माझ्याकडे येत नाहीत, हे त्या धारेचं मूळ आहे.

वर्गात कुणी वेड्यासारखं बोललं की 'याला येरवड्याला पाठवा रे' हा विनोद मी केलेला आहे. वर्ग हसतो, मलाही बरं वाटतं. ठाणे, येरवडा (पुणे), नागपूर आणि रत्नागिरी इथं सरकारची चार जुनी मनोरुग्णालयं आहेत. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. तरी येरवड्याचा धाक आमच्या प्रत्येक वर्गात पोचलेला आहे, आणि तो पोचवणाऱ्यांत मी आहे. मग एखाद्या आईला मी सुचवतो, 'ताई, एकदा मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा.' ती घाबरून म्हणते, 'सर, लेकरू येडं नाही हो आमचं!' तेव्हा मी मनात तिला अडाणी ठरवतो. ती भीती तिच्याकडे आली कुठून?

देवऋषीचंही तसंच. 'बाहेरचं झालंय' म्हणून पोरीला देवऋषीकडे नेणाऱ्या घरावर मी चिडतो, आणि चिडायलाच हवं. औषधाचा वेळ त्यात जातो, कधी पोरीला मारही बसतो. पण त्याच्यापुढे अख्खं घर तासभर बसून राहतं. पोरीला काय होतंय, कधीपासून होतंय, हे तिथं निदान विचारलं जातं. माझ्या शाळेत ते कोण विचारतं?

एकदा मात्र सगळ्यांनी विचारलं होतं. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं झोपली होती. त्यानंतर जग इथं धावून आलं. डॉक्टर आले, मनाच्या जखमांचा अभ्यास करणारेही आले. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. ढिगाऱ्यातून वाचलेलं मूल रात्री दचकून उठतं, दाराजवळच झोपतं, अंगाला हात लावला तरी ओरडतं, याचं त्या दिवसांत कुणाला नवल वाटलं नाही. कुणी 'नाटकं' म्हटलं नाही. त्याचे मार्क किती, हेही कुणी विचारलं नाही.

म्हणजे आम्हाला कळत नाही असं नव्हे. घर कोसळलेलं दिसलं की लेकराचं मन कळतं. घर उभंच आहे, फक्त आत रोज भांडणं आहेत, सोयाबीन गेलंय, सावकाराचा माणूस येऊन गेलाय, तर? तेव्हा आम्ही म्हणतो, सगळ्यांच्याच घरी असतं. मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांमुळे राज्याने २०१५ साली प्रेरणा प्रकल्प सुरू केला. आशाताई घरोघरी जाऊन शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करू लागल्या. त्या घरातलं पोर मात्र त्या वेळी माझ्या वर्गात बसलेलं असतं. त्याची विचारपूस कोणाच्या वाट्याची?

कायदा आणि सरकार म्हणतं, तुमच्या वाट्याची. शिक्षण हक्क कायद्याने २००९ सालीच मुलाच्या मानसिक छळाला शारीरिक शिक्षेइतकंच निषिद्ध ठरवलं. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमाने २०२० मध्ये प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून तयार करायचं ठरवलं. त्यांनी शिकवायच्या विषयांत भावनिक आणि मानसिक आरोग्य आहे. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं. मुलांना चारचौघांत लाजवू नये. आणि गुणांवरून मुलांच्या वेगळ्या बॅच पाडू नयेत.

समुपदेशक हवा, हे वाचून मला आनंद झाला. त्या आनंदात सुटका किती होती, हे नंतर लक्षात आलं. आता ते काम समुपदेशनाच्या खोलीतल्या बाई किंवा सर बघतील, मी धडा पुढे नेतो. बॅच पाडू नयेत, इथं मात्र माझा आनंद संपला. आमच्याकडे 'अ' तुकडी हुशारांची असते, हे कागदावर कुठं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. 'अ' तुकडी कोणत्या शिक्षकाला मिळते, यावर आमची पत ठरते. मला ती मिळावी म्हणून मी शब्द टाकलेला आहे. 'ड' तुकडीतलं मूल जूनमध्येच शिकतं की आपण 'ड' आहोत. त्याच्या मनावर आम्ही आधी तुकडीची अक्षरं कोरायची आणि मग ती पुसायला समुपदेशक मागायचा. टिपणात मी हा भाग लिहिलाच नव्हता.

काळजी कधी सुरू करतो, त्यातही माझा हिशेब चुकतो. मनाचे एक तृतीयांश आजार वयाच्या चौदाव्या वर्षाआधी सुरू होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चौदा म्हणजे आठवी-नववी. आम्ही जागे होतो ते अकरावी-बारावीत, वसतिगृहातून काही वाईट कानावर आल्यावर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले होते. असे आकडे आले की आम्ही स्पर्धेला, क्लासला, मोबाइलला दोष देतो. यातलं काही खरंही असेल. पण ट्यूशन एरियात सतराव्या वर्षी पोचलेलं लेकरू त्याआधी तीन-चार वर्षं कुठल्या तरी माझ्यासारख्याच्या वर्गात होतं ना? तेव्हा त्याच्या प्रगतिपुस्तकात काय शेरा होता? 'गुणी व शांत'?

इथं मनात एक शंका उठते आणि ती निव्वळ पळवाट आहे असं मी मानत नाही. मास्तराने किती व्हायचं? अभ्यासक्रम, परीक्षा, निवडणुकीची कामं, रोज भरायची ऑनलाइन माहिती, आणि आता मनाचा डॉक्टरही? दोन दिवसांच्या प्रशिक्षणाने मी एखाद्याला 'डिप्रेशन' म्हणून मोकळा झालो, तर 'येरवडा' म्हणण्याचीच ती सुधारलेली आवृत्ती होईल. अर्धवट ज्ञानाने लेकराच्या घरात हात घालणं धोक्याचंही आहे. खरंच, निदान करणं माझं काम नाही. उपचार तर नाहीच. मग उरतं काय?

बरंच उरतं, असं आता वाटू लागलंय. लेकरू कालच्यापेक्षा वेगळं दिसतंय हे ओळखायला पदवी लागत नाही. ते काल कसं होतं हे ठाऊक असावं लागतं. 'गृहपाठ का नाही' याआधी 'बरं आहे ना रे?' विचारायला परिपत्रक लागत नाही. त्याने सांगितलं तर लगेच उपदेश न करता ऐकून घेणं, हे मला सगळ्यात अवघड जातं. तीस वर्षं बोलण्याचाच पगार घेतल्यावर गप्प बसायची सवय कुठून येणार? ऐकलेलं स्टाफरूममध्ये न नेणं, हे त्याहून अवघड. मात्र लेकराच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी त्याच्यावर अत्याचार करत असेल, तर ते मला पोटात ठेवता येणार नाही, हे त्याला आधीच खरंखरं सांगायला हवं. 'कुणाला सांगणार नाही' असं खोटं वचन देऊन मग पाठीमागे बोलणं, हा विश्वासघातच.

आणि कुठं पाठवायचं ते माहीत असावं. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. १४४१६ हा नंबर वर्गाच्या भिंतीवर लावणं दहा मिनिटांचं काम. आमच्या भिंतीवर अजून गुणवंतांच्या यादीलाच जागा आहे. यादी काढा असं मी म्हणणार नाही, पालक ऐकणारही नाहीत. शेजारी हा कागद लावायला कुणाची परवानगी लागते? माझ्याखेरीज कुणाची नाही.

टिपण आता पुन्हा लिहिलंय. त्यात मार्कांचं वाक्य ठेवलेलं नाही. संस्था त्यामुळे कदाचित ते बाजूला टाकेल. मार्कांचं आमिष नसेल तर तासाला पैसे कोण देणार, हा व्यवहार मलाही कळतो. 'अ' तुकडीबद्दल दोन ओळी घातल्या आहेत. त्या स्टाफरूममध्ये आवडणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही पूर्ण आवडलेल्या नाहीत. मात्र मी स्वतःला एक प्रश्न घालून ठेवलाय. एखादं लेकरू नववीत खचलं, त्याच्याकडे वेळेत कुणाचं तरी लक्ष गेलं, वर्षअखेर त्याला झोप लागू लागली, डबा संपू लागला, ते मित्राशी भांडून पुन्हा बोलू लागलं. टक्के तेवढेच, कदाचित दोन कमीच. निकालाच्या बैठकीत या लेकराचं काय सांगायचं? आमच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. तो आखून मिळेल अशी आशाही फारशी नाही. पण बैठकीत कुणी त्याला 'घसरलेला' म्हटलं, तर उठून 'नाही, सावरलेला' असं म्हणायला मी बांधील आहे. ते म्हणायची हिंमत माझ्यात आहे की नाही, याची परीक्षा मात्र मला अजून द्यायची आहे.